मेलेल्या नोटांची बाई

मोयोगाल्पाच्या धक्क्यापासून चाळीसेक पावलांवर बदामाचं एक झाड आहे. त्याच्या सावलीत दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एदुविहेस पोतोय एकोणीस वर्षं बसली. निळी प्लास्टिकची खुर्ची, कमरेला दोन खोल खिशांचा एप्रन, खिशांत आमच्या देशाचे पैसे, कोर्दोबा, पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात डॉलर. फेरीबोटीतून उतरणारे गोरे पाहुणे आधी तिलाच भेटायचे. तळ्यातल्या आमच्या बेटाबद्दल त्यांचं जे काही वाईट मत व्हायचं, त्याची सुरुवात तिथूनच व्हायची.

ती कुणाला या म्हणायची नाही. पाहुणा समोर येऊन उभा राहिला की हात पुढे करायची. पोलीस कागद मागतात तसा, नुसता तळहात. नोट हातात आली की ती तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. अंगठा कडेने फिरवायची, चारी कोपरे, मग मधली घडी. शेवटच्या काही वर्षांत तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही धुरकटत चालला होता, पण डोळे चांगले होते तेव्हाही नोट ती अंगठ्यानेच बघायची. अंगठा थांबला की निकाल. "चालेल", किंवा "मेली".

आमच्याकडे डॉलर सगळे घेतात, पण फाटका कुणी घेत नाही. कोपऱ्याला तांदळाच्या दाण्याएवढी चीर असली, कुणी पेनने आकडा लिहिलेला असला, की ती नोट मेली. बँक घेत नाही म्हणून दुकानदार घेत नाही, दुकानदार घेत नाही म्हणून कोळी घेत नाही. पाहुण्यांना हे उतरल्यावर दोन दिवसांत कळतं. मग ती नोट ते लॉजच्या मालकिणीला देत नाहीत, ती परत करेल. ते ती खोली झाडणारीला बक्षीस म्हणून देतात, ज्वालामुखीवर घेऊन जाणाऱ्या वाटाड्याला देतात, नाववाल्याच्या खिशात स्वतःच्या हाताने घडी करून सरकवतात आणि वर हसतात.

अशी नोट घेऊन माणूस शेवटी बदामाखाली यायचा. दोन्या एदुविहेस म्हणायची, "मेली." आणि जरा थांबून, "साठ."

म्हणजे शंभराला साठ. भावात घासाघीस नव्हती. तिने मेली म्हटलेली नोट बेटावर दुसरं कुणी घ्यायचं नाही, ती जिवंत म्हणाली तर डोळे मिटून घ्यायचं. त्या मेलेल्या नोटांचं ती पुढे काय करते हे कुणाला माहीत नव्हतं. मायामीला कुणी नातेवाईक आहे, असं लोक समजून चालले होते. तिने ना हो म्हटलं होतं, ना नाही.

तरुणपणी ती धक्क्याजवळच्या खाणावळीत मासे साफ करायची. एका म्हाताऱ्या पाहुण्याने तिला दहाची फाटकी नोट दिली होती, तिच्या आयुष्यातली पहिली. ती घेऊन ती मोयोगाल्पाभर फिरली, मग बसमध्ये बसून पार अल्ताग्रासियापर्यंत गेली. कुणी घेतली नाही. संध्याकाळी घरी परतली तेव्हा बसभाड्याचे पैसे गेले होते आणि नोट तशीच होती. हे मला तिने स्वतः सांगितलं होतं, तेही दया यावी म्हणून नव्हे. मी म्हटलं होतं की साठ कमी होतात. त्यावर ती म्हणाली, "मला त्या दिवशी कुणी दहासुद्धा दिले नाहीत."

मी मार्यूरी. धक्क्यासमोरच्या लॉजवर काम करते, आणि रोज चार ते पाच ओसरीवर पाहुण्यांना कामापुरतं स्पॅनिश शिकवते. हे केवढ्याला, फार महाग आहे, संडास कुठे आहे, बोट किती वाजता, पैसे बदलायचे आहेत. दोन्या एदुविहेसचा माझ्यावर राग होता तो यामुळे. पूर्वी पाहुणे मुके यायचे आणि ती देईल ते घेऊन जायचे. आता ते वाक्यं घेऊन यायचे.

त्या जानेवारीतल्या शनिवारी सिग्रिद नावाची नॉर्वेची मुलगी माझ्याकडे तीन दिवस शिकून निघाली होती. वारा सुटलेला होता, तळ्यावर लाटा उठत होत्या, दुपारी तीनची बोट कदाचित शेवटची असेल असं धक्क्यावर बोललं जात होतं. पैसे काढायचं मशीन शुक्रवारीच रिकामं झालं होतं. तिच्याकडे शंभराची एकच नोट उरली होती. बोटीचं तिकीट, पुढचा टॅक्सीवाला, सगळ्यांना कोर्दोबा हवे होते. मी तिची पिशवी घेऊन बरोबर गेले.

"शुभ दुपार, बाईसाहेब," सिग्रिद म्हणाली. मी शिकवलं होतं तसंच, एकेक शब्द जमिनीवर ठेवत. "आपण कशा आहात? मला शंभर डॉलर बदलणे आहे."

"तुझ्या शाळेतलं आलं बघ," दोन्या एदुविहेस माझ्याकडे मान वळवून म्हणाली. "कशी आहेस विचारतंय. ते ऐकायला थांबणार आहे का?"

तिने हात पुढे केला. अंगठा फिरला. वरच्या डाव्या कोपऱ्यात थांबला. तिथे इवलीशी चीर होती, नखाच्या पांढऱ्या भागाएवढी.

"मेली. साठ."

"कृपया हळू बोला."

दोन्या एदुविहेस तेच पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा भरभर. हे ती नेहमी करायची.

सिग्रिदने बोटांवर मोजलं. "साठ? शंभरला? परंतु ही नोट खरी आहे."

"खरीच आहे. मेलेला माणूसही खराच असतो."

"ती काय म्हणाली?" सिग्रिदने मला विचारलं. मी सांगितलं. ती लाल झाली, गळ्यापासून वर, गोरी माणसं होतात तशी. तिला वाटत होतं की भांडण शब्दांचं आहे आणि शब्द तिने आता शिकले आहेत.

"हे न्याय्य नाही. आपला भाव फार वाईट आहे. मी दुसरीकडे जाते."

हेही मीच शिकवलेलं. घासाघिशीचं शेवटचं वाक्य म्हणून शिकवते मी ते.

"जा," दोन्या एदुविहेस म्हणाली आणि नोट परत दिली. "आणि ते दुसरीकडे कुठं सापडलं तर मलाही येऊन सांग. साठ वर्षं राहते मी इथे, मला तरी दिसलं नाही."

धक्क्यावर बसलेली माणसं हसली. सिग्रिद औषधाच्या दुकानात गेली, पाववाल्याकडे गेली, दुसऱ्या लॉजमध्ये गेली. सगळ्यांनी नोट बोटात न धरताच मान हलवून बदामाच्या झाडाकडे दाखवलं. ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोटीवर सामान चढायला लागलं होतं. एवढ्यात समोरून आवाज आला.

"ए गोरे. इकडे ये. मी देते."

ती रोसेंदा होती. दोन वर्षांपूर्वी तळ्यापलीकडच्या रिव्हासहून लग्न होऊन आलेली, आणि वर्षभरापूर्वी धक्क्यासमोर दुकान घातलेली. थंड पेयांचा फ्रीज तिच्याच दुकानात पहिल्यांदा आला. नवऱ्याचं नाव एव्हेनोर, पण त्याला दुकानातलं मीठ कुठे आहे ते माहीत नव्हतं. दुकान तिचं होतं, आवाजही तिचाच.

"चौतीसने देते," ती दारातूनच म्हणाली. चांगल्या डॉलरला तेव्हा छत्तीस कोर्दोबा होते. "चौतीसशे. आण."

धक्क्यावरची माणसं उठून जवळ आली.

"नवी आहे ती," दोन्या एदुविहेस कुणाला तरी सांगावं तशी म्हणाली. "नवऱ्याचे पैसे आहेत, उडवू दे."

"माझे आहेत, दोन्या. आणि नवी असले तरी रिव्हासची आहे." रोसेंदा पायरी उतरून खाली आली. सिग्रिदच्या हातातली नोट घेतली, पैसे मोजून दिले आणि मग नोट डोक्याच्या वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "माझं खातं ज्या बँकेत आहे, तिथे डाव्या खिडकीवर एक मुलगी बसते. दर गुरुवारी तुम्ही तिच्यासमोर उभ्या असता. तुमच्या या मेलेल्या नोटा मी तिथून आत जाताना पाहिल्यात. या डोळ्यांनी."

दोन्या एदुविहेसने पायाशी असलेल्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"सोमवारी मी ही त्याच खिडकीवर भरते. घेतली, तर पावती इथे दारावर लावते. मग प्रत्येकाने आपापलं आठवावं, साठाने किती विकल्यात ते."

"माझ्या तीन," नाववाला एव्हारिस्तो लगेच म्हणाला. "गेल्या पावसाळ्यात. विसाच्या तीन."

"तुला तेव्हा पैसे हवे होते म्हणून तू आलास," दोन्या एदुविहेस म्हणाली. "मी तुझ्या घरी नव्हते आले."

"मेलेली समजून दिल्या ना, दोन्या. जिवंत असत्या तर तुम्हाला कशाला दिल्या असत्या?"

"मी मेली म्हटली की मेली."

"ते सोमवारी कळेल," रोसेंदा म्हणाली आणि दुकानात गेली. सिग्रिद बोटीवर चढली. वळून तिने मला हात केला, माझ्या शिकवण्याचा उपयोग झाला म्हणून.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला मी दोन्या एदुविहेसच्या मागच्या बाकावर होते. शांती असो म्हणत शेजाऱ्याचा हात हातात घ्यायची वेळ आली. उजवीकडे एव्हारिस्तोची बायको होती. तिने पदराला गाठ मारतात तशी हातातल्या रुमालाला गाठ मारायला घेतली आणि मारतच राहिली. डावीकडचा, आमच्या लॉजवर खोल्या झाडणाऱ्या मुलीचा, इनेसचा बाप दुसऱ्या बाजूला वळला. दोन्या एदुविहेसचा हात थोडा वेळ पुढे होता. मग तो तिने बाकाच्या पाठीवर ठेवला, जणू तिथेच ठेवायचा होता. मीही पुढे वाकून तो घेतला नाही. मी सोळा वर्षांची असताना माझी पन्नासची नोट तिने तीसला घेतली होती. त्या वीस डॉलरची मला आदली रात्रभर आठवण येत होती.

बाहेर पडून धक्क्यावर आलो तर बदामाखाली तिच्या खुर्चीच्या जागी कुणी तरी माशांची आतडी टाकली होती. तिने कुणाकडे न बघता केळीच्या पानाने ती ओढून पाण्यात ढकलली.

संध्याकाळी ती लॉजवर आली. याआधी कधी आली नव्हती.

"उद्या साडेपाचच्या बोटीने माझ्याबरोबर चल. रिव्हासला."

"मला काम आहे, दोन्या."

"मला रस्त्यावरच्या पाट्या दिसत नाहीत. माणसं तोंड उघडेपर्यंत कोण ते कळत नाही."

"दर गुरुवारी एकट्या जाता ना?"

"गुरुवारी मला कुणाला शोधायचं नसतं. खिडकी कुठे आहे ते पायांना माहीत आहे." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तुझी पन्नासची नोट आणलीस तेव्हा तुला काम नव्हतं. तुझ्या आईला ताप होता. मी तेव्हा तुला उद्या ये म्हटलं नव्हतं."

हे खरं होतं आणि ते तिने इतक्या वाईट रीतीने सांगितलं की मी चिडून हो म्हटलं.

रोसेंदा सातच्या बोटीने निघणार होती, दुकान उघडून पाव विकून. आम्ही तिच्या आधी दीड तास तळ्यावर होतो. बोट एवढी हलत होती की माझ्या पोटात काही राहिलं नाही. दोन्या एदुविहेस बाकावर ताठ बसली होती. तिच्या हातात डबा नव्हता. रिकाम्या हातांनी तिला मी पहिल्यांदाच पाहत होते.

बँकेच्या मागच्या गल्लीत एक बाई सकाळी भात आणि घेवडा परतून विकते. डाव्या खिडकीवरची मुलगी तिथे उभ्याने खात होती. तिचं नाव हास्मिना. बोलता बोलताच मला कळलं की ती दोन्या एदुविहेसची धर्मकन्या आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच तिला हातात धरलं होतं.

"धर्ममाय, आज सोमवार," हास्मिना म्हणाली. "तुमचा गुरुवार ना?"

"नोटा नाही आणल्या. आज एक बाई येईल. रोसेंदा. आवाज मोठा आहे. शंभराची एक आणेल, वरच्या कोपऱ्याला चीर आहे. ती घ्यायची नाही."

हास्मिना खायची थांबली. "कोपऱ्याची चीर? तुमच्या तर मी चिकटपट्टी लावलेल्या घेतल्यात आठ वर्षं."

"घेतल्यास. शंभरामागे पाचही घेतलेस."

"मी तक्रार नाही करत. एवढंच म्हणते, घेऊन टाकते ना. गड्डीत सरकवते. कुणाला कळणार?"

"बेटाला कळेल."

"बेट काय करणार तुमचं?"

हास्मिनाने माझ्याकडे पाहिलं, मग कागदी थाळी घडी करून खाली ठेवली.

"बरं. नाही घेतली तर ती ओरडेल?"

"ओरडेल. तिने माझ्या नोटा आत जाताना पाहिल्यात."

"मग साहेब बाहेर येतील. माझा खण उघडतील. गुरुवारच्या तुमच्या तीन अजून खणात आहेत. सकाळची मोजणी दोघांसमोर होते, मला त्या काढताही येणार नाहीत." ती आवाज न चढवता बोलत होती. "एकदा खण उघडला की संपलं. पुढे तुमची एकही नोट नाही, एकाचीसुद्धा नाही. डब्यात किती आहेत आता?"

"अकराशे चाळीस."

"डोळ्याचे?"

"डोळ्याचे."

जूनमध्ये राजधानीला, मानाग्वाला, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. गुरुवारी थोड्या थोड्या करून त्या नोटा खिडकीतून जायच्या होत्या.

"मग विचार करा ना," हास्मिना म्हणाली. "ही एक घेतली तर चार लोक चार दिवस बोलतील. फार तर काय, तुमची खुर्ची उलटी करतील. नाही घेतली तर तुमचा डोळा गेला आणि माझी खिडकी गेली."

"एकोणीस वर्षं मी मेली म्हटलेली नोट मेलीच होती. उद्या पावती लागली तर मी एकोणीस वर्षं चोर होते."

"होतातच ना थोड्या," हास्मिना म्हणाली. हे तिच्या तोंडून निसटलं असावं. पण तिने ते परत घेतलं नाही.

"तुझा बाप गेला तेव्हा तुझ्या शाळेचे बूट त्याच साठातून आले. मी तुला विचारत नाहीये. सांगतेय."

हास्मिना रडली नाही. तिने रुमालाने तोंड पुसलं, ओठांना नवीन लाली लावली आणि बँकेच्या मागच्या दाराने आत गेली.

साडेआठला दरवाजे उघडले तसं आम्ही आत जाऊन भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसलो. नऊ वाजता रोसेंदा आली. तिने आम्हाला पाहिलं आणि ती हसली. आम्ही हरताना बघायला आलो आहोत असं तिला वाटलं असेल. उजव्या खिडकीवर रांग नव्हती तरी ती डावीकडच्या रांगेत उभी राहिली.

हास्मिनाने नोट हातात घेतली, उजेडात धरली, आणि काचेखालून परत सरकवली. "ही चालणार नाही, बाई."

"का?"

"फाटकी आहे."

"तू फाटक्या घेतेस. त्या म्हातारीच्या घेतेस, ती बघ तिथे बसलीये. तिच्या कशा घेतेस?"

"बाई, पुढच्याला येऊ द्या."

रोसेंदाने आवाज उचलला. रिव्हासच्या बाजारात वाढलेला आवाज होता तो, बँकेच्या छपराला पुरून उरला. साहेब बाहेर आले, टायवर घामाचा डाग होता. त्यांनी रोसेंदाला शांत व्हायला सांगितलं, मग खिडकीमागे जाऊन खण उघडायला सांगितला. हास्मिनाने किल्ली दिली. साहेब बराच वेळ खाली वाकून होते. उठले तेव्हा त्यांनी हास्मिनाला आत चल म्हणून खूण केली आणि खिडकीवर बंदची पाटी लावली.

"आता तरी घ्या," रोसेंदा पाटीला म्हणाली.

"बँक फाटक्या नोटा घेत नाही, बाई," साहेब जाता जाता म्हणाले. "कधीच घेत नव्हती."

मी दोन्या एदुविहेसकडे पाहिलं. तिचा चेहरा खिडकीकडे होता, पण तिथे पाटी लागली आहे की मुलगी बसली आहे, हे तिला दिसत नसणार. "गेली का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. कोण, ते मी विचारलं नाही.

परतीची बोट एकच होती. रोसेंदा पुढच्या टोकाला उभी होती, आम्ही मागे. धक्क्यावर निम्मं मोयोगाल्पा जमलं होतं.

"पावती कुठाय?" एव्हारिस्तोने रोसेंदाला विचारलं.

"ती मुलगी घेत होती. आज हिने सांगून ठेवलं. साहेबांनी खण उघडला तर..."

"पावती कुठाय ते विचारतोय मी."

रोसेंदाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. ही होती तिथे."

सगळे माझ्याकडे वळले. गल्लीतली थाळी, हास्मिनाची नवीन लाली, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. दोन्या एदुविहेस माझ्या कोपराला धरून होती, पण तिने तो दाबला वगैरे नाही.

"घेतली नाही," मी म्हटलं. "बँक घेत नाही म्हणाले."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. लोक हसले, रोसेंदाला, आणि ते हसू फार वाईट होतं, कारण शनिवारी तेच तिच्या बाजूने होते. कुणी तरी म्हणालं, रिव्हासच्या बायकांना भाव कळतो म्हणे. कुणी तरी एव्हेनोरला विचारलं की आता फ्रीज विकणार का. एव्हारिस्तोने दोन्या एदुविहेसला आधार द्यायला हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली बोट लागण्याआधी, सगळ्यांसमोर रोसेंदा बदामाखाली आली आणि तिने शंभराची नोट पुढे धरली. दुकानदार होती ती. चौतीसशे घालवलेत तर जे परत येईल ते घ्यायचं, यात तिला लाज नव्हती.

अंगठा चारी कोपऱ्यांवरून फिरला. "मेली. साठ."

"माहीत आहे मला तुम्ही काय केलंत ते."

"एकवीसशे साठ. मोजून घे."

"तुमच्याही काही कामाची नाही आता ती. डब्यात सडेल."

"मोज."

रोसेंदाने मोजले. एकेक नोट उजेडात धरून, अंगठ्याने चारी कोपरे बघत. तेवढा वेळ दोन्या एदुविहेसने मान वळवली नाही.

हास्मिनाची नोकरी राहिली, पण तिला मागच्या खोलीत कागदांना शिक्के मारायला बसवलं. तिने धर्ममायला पुन्हा फोन केला नाही.

आणि आता लोक पूर्वीपेक्षा जास्त यायला लागले. तिचा शब्द तपासून झाला होता, बँकेने स्वतः खरा ठरवला होता. ज्यांनी जुन्या नोटा कधी तरी बघू म्हणून गादीखाली ठेवल्या होत्या, तेही त्या काढून आणायला लागले. अल्ताग्रासियाहून बस करून बायका आल्या. तिने कुणाला परत पाठवलं नाही. मेली, साठ. मेली, साठ. एप्रनचे खिसे हलके होत गेले आणि डब्याचं झाकण बसेनासं झालं. चांगल्या डॉलरांच्या अदलाबदलीत जे सुटायचं, ते सगळं त्यात जायला लागलं. मी एकदा तिला म्हटलं, "दोन्या, घेऊ नका ना. भाव पाडा, नाही तर नाही म्हणा."

"आणि कारण काय सांगू?"

माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे एकच होतं, आणि ते लोकांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

"तुझ्या पोरांना शिकव," ती म्हणाली, "नोट नीट ठेवायला. नुसतं कशा आहात शिकवतेस."

जून आला आणि गेला. मानाग्वाचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. एका पावसाळी दुपारी ती लिंबाचं पाणी समजून माझ्यासमोरचा साबणाच्या पाण्याचा मग उचलायला लागली, तेव्हा मी तो आधी बाजूला केला. तिला ते कळलं आणि तिने मला शिवी दिली.

ऑगस्टमध्ये एके दिवशी एव्हारिस्तो विसाची नोट घेऊन आला. मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. तिने अंगठा फिरवला.

"मेली."

तो साठ ऐकायला थांबला. तिने एप्रनच्या दोन्ही खिशांत हात घातले, तळापर्यंत, आणि तसेच ठेवले.

"किती, दोन्या?"

"नाहीत."

"मग आता मी कुठं जाऊ?"

"मला विचारू नकोस."

समोरून रोसेंदाने दारातून हाक मारली. तिचा कोणी दीर कोस्ता रिकाकडे ट्रक घेऊन जातो, त्याच्या ओळखीने अशा नोटा पलीकडे खपतात, असं महिनाभर ऐकू येत होतं. एव्हारिस्तो तिकडे गेला. मी ओसरीवर माझ्या चारच्या वर्गासाठी बाकं लावत होते, मला दोघांचं स्पष्ट ऐकू आलं.

"दोन्या काय म्हणाली?" रोसेंदाने नोट हातात न घेताच विचारलं.

"मेली म्हणाली."

"मग चाळीस."

"चाळीस? ती साठ द्यायची."

"तिला जाऊन विचार, जिवंत आहे म्हणते का. ती म्हणाली तर पुरे देते."

एव्हारिस्तो रस्त्याच्या मध्येच उभा राहून बदामाकडे बघत राहिला. एवढं अंतर चाळीस पावलांचंही नव्हतं, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने मान वर केली नाही. तिने तोंड उघडलं असतं तर रोसेंदाला वीसच्या वीस मोजावे लागले असते. सगळ्यांसमोर बोलली होती ती.

"मेली," दोन्या एदुविहेस म्हणाली.

एव्हारिस्तोने चाळीसाने पैसे घेतले. त्यानंतर तसंच चालू झालं. लोक फाटकी नोट घेऊन आधी तिच्याकडे येतात, निकाल घेतात, मग समोर जाऊन चाळीसाला विकतात. तिला त्याचं काही मिळत नाही. रोसेंदा मात्र तिने बघितल्याशिवाय एकही नोट घेत नाही.